कोणती लाईन?

रानात विजेच्या तारा नव्यानेच आल्या होत्या, त्या काळची गोष्ट. वणवा पेटला आणि चांदी वानरीण पिल्लाला पोटाशी धरून नदीलगतच्या शेताच्या बांधावरल्या सावरीवर चढली. पैलतीरी जायला वरची तारच तेवढी दिसत होती.

"खुशाल जा," कावळा म्हणाला. "लाईन गेलीय. वायरमनच्याच तोंडून ऐकलं."

चांदीने हात लांबवला.

"थांब, बाई," शेतातला पिकलेला जवस म्हणाला. "कावळोबा, तेव्हा तो काय करत होता?"

"फोनवर हॅलो, हॅलो करत होता."

"म्हणजे बोलणं तुटलं, वीज गेली नाही. लाईन हा साहेबाचा शब्द आमच्याच देठांच्या धाग्यावरून, म्हणजे लिननवरून निघाला. पुढे तोच रांगेला, रुळाला, फोनला, विजेलाही चिकटला. बाई, तू माझ्यातून धावत जा आणि पाण्यात उडी टाक."

चांदीला पाण्याचं भय होतं. तेवढ्यात एक जळती फांदी तारांवर पडली आणि ठिणग्यांचा लोळ उठला. ती झरझर उतरली, जवस तुडवत पळाली आणि पिल्लाला खांद्यावर घेऊन पोहत सुटली.

पैलतीरावरून तिने वळून पाहिलं, तर शेताचा कोळसा झाला होता. तिच्या ओल्या केसांत मात्र जवसाचे दाणे चिकटले होते. ते तिने एकेक वेचून काठच्या मातीत पेरले.