वाघजबड्याचा डावा प्रसाद

तोरसवली गाव संपून करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जांभ्याचा एक अजस्र खडक आहे. मधोमध चिरलेला, वरचा ओठ पुढे आलेला. त्याला वाघजबडा म्हणतात. शेजारीच वाघोबाचे बसके कौलारू देऊळ. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, भर दुपारी अख्खा गाव तिथे रांगेत उभा राहतो. प्रत्येकाचा उजवा हात पाठीमागे. गूळखोबऱ्याचा प्रसाद डाव्या हातात घ्यायचा आणि डाव्यानेच खायचा.

नवख्या माणसाला हे पाहून धक्काच बसतो. एका वर्षी पुण्याहून आलेल्या बाई आपल्या मुलीवर ओरडल्या, "अगं, डावा काय पुढे करतेस? देवाचं आहे ते!" सगळी रांग थिजली. तेव्हा ऐंशी वर्षांच्या आत्माराम घाड्यांनी त्या दोघींना देवळाच्या जोत्यावर बसवले आणि ही हकिगत सांगितली. ती अशी.

फार जुनी गोष्ट. राज्य कोणाचे होते ते आता कोणाला आठवत नाही. तेव्हा देवळाची पूजा धाकू गुरवाकडे होती, आणि त्याची विधवा बहीण भिवरा त्याच्याच घरी राहत असे. तिच्या नवऱ्याला वाघिणीने याच सड्यावर मारले होते. हाती लागले ते फक्त त्याचे मुंडासे.

एका पावसाळ्याअखेर खाडीच्या तोंडाशी परमुलखातले एक गलबत फुटले. त्यातला एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. ताडासारखा उंच, दाढी वाळल्या गवताच्या रंगाची. नाव विचारले तर म्हणाला, "हालवार." गावाने ऐकले "हळुवार", आणि तेच नाव पडले. एवढा दांडगा माणूस, पण दूध काढायला बसला की गाय कान हलवीत नसे, असे सांगतात.

गुरवाच्या पडवीत तो दोन वर्षे राहिला. भाषा शिकला, होड्या दुरुस्त करू लागला. भिवराला तो बहिणीच्या नात्याने बाय म्हणे. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली की तो आपल्या थंड मुलखातल्या देवांच्या गोष्टी सांगे. तिकडे एक राक्षसी लांडगा होता. देवांना त्याची भीती वाटू लागली. त्याला बांधायला त्यांनी रेशमासारखी एक दोरी करवून घेतली, मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी आणि डोंगराची मुळे एकत्र वळून. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, दगा नसेल तर एकाने माझ्या तोंडात हात ठेवावा. सगळे देव मागे सरले. टीर नावाच्या एकाच देवाने उजवा हात ठेवला. दोरी आवळली, लांडगा अडकला, आणि हात गेला.

"म्हणजे देवांनीच दगा दिला?" भिवराने विचारले.

"हो."

"आमच्याकडेही तसंच रे. बळीराजानं तीन पावलं जमीन द्यायचा शब्द दिला. मागणारा साक्षात देव आहे हे कळलं, तरी फिरला नाही. देवानं त्याला पाताळात घातलं. पण दिवाळीला आम्ही अजून बळीचंच राज्य येवो म्हणतो."

हळुवारने तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाला, "तुमची माणसं चांगली आहेत, बाय."

दोन वर्षे सरली त्या दिवाळीच्या सुमारास वाघीण पुन्हा गावात उतरली. आठ दिवसांत अकरा गुरे गेली. गावाने वाघोबाला कौल लावला. धाकूच्या अंगात वारे आले, आणि म्हणे त्याच्या तोंडून वाघीणच बोलली. "मला एक बोकड द्या आणि माझ्या पिलांना माळ मोकळा सोडा. मी तुमच्या गुरांना शिवणार नाही. पण माणसाच्या शब्दावर माझा भरवसा नाही. शब्द देणाऱ्याचा हात माझ्या जबड्यात पाहिजे."

सगळा गाव खाली बघू लागला. गावचा मानकरी विसाजी गावकर हळुवारकडे वळून म्हणाला, "याच्यामागे रडणारं कोणी नाही." हळुवार हसला आणि उठून उभा राहिला. "शब्द खरा आहे ना?" त्याने विचारले. विसाजीने देवळाच्या उंबऱ्याला हात लावून सांगितले, "खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा पाण्याला निघाली होती. वाटेत चार माणसे गवताचे भारे घेऊन सड्याकडे जाताना दिसली. एका भाऱ्यातून जाळे लोंबत होते. भाले विसाजीच्या अंगणात टेकून ठेवलेले. तिच्या हातातली कळशी निसटली.

"ओरडू नकोस," विसाजी म्हणाला. "तुझ्या घरधन्याला खाल्लं ना तिनं? आज तिचा निकाल लावतो. तू नुसती गप्प राहा."

"आणि हळुवार?"

विसाजी भाले मोजू लागला. भिवराच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचे मुंडासे आले. ती गप्प राहिली.

भर दुपारी वाघीण आली. खडकाच्या चिरेत उभी राहिली आणि तिने तोंड उघडले. हळुवारने उजवा हात मनगटापर्यंत आत ठेवला. बोकड पुढे आणला. वाघिणीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, ती हळुवारच्या डोळ्यांत बघत होती. तेवढ्यात वरून जाळे पडले.

हाड तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हळुवार ओरडला नाही. त्याने फक्त मान वळवून भाले घेऊन धावत येणाऱ्या माणसांकडे पाहिले. मग डाव्या हाताने कमरेची कोयती काढली. आता तो वाघिणीचा गळा चिरणार, असे सगळ्यांना वाटले. त्याने जाळे कापले.

भाले हातातल्या हातात राहिले. वाघीण मोकळी झाली, माणसांच्या मधून, कोणाच्या अंगाला न लागता, चालत निघून गेली. हळुवार खडकाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "शब्द मी दिला होता."

धाकूने उकळत्या तेलाने जखम जाळली. तिसऱ्या दिवशी हळुवारने डोळे उघडले. उशाशी भिवरा होती.

"बाय, तुला ठाऊक होतं?"

नाही म्हणणे सोपे होते. विचारणारे दुसरे कोणी नव्हते.

"होतं," ती म्हणाली.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. ती त्याचे पान वाढी, तो डाव्या हाताने जेवून उठे. वर्षभरात गावचे एक वासरूसुद्धा गेले नाही.

मग वाघबारस आली. रांगेत हळुवारचा नंबर आला आणि त्याने डावा हात पुढे केला. धाकूचा हात हवेतच थांबला.

"डाव्या हातात देवाचं कसं देऊ, बाबा?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, तोंडात घाल. कोणी म्हणाले, पानावर ठेव, उचलून घेईल. हळुवार हात मागे घेऊ लागला. तेवढ्यात बायकांतून भिवरा पुढे आली. विधवेने प्रसादासाठी पुढे घुसायचे हेच मुळात अघटित. तिने उजवा हात पाठीमागे नेला आणि डावा पसरला.

"दादा, आधी मला दे."

"वेड लागलं का गो तुला?"

"ज्या हातानं देवाच्या उंबऱ्याला शिवून गाव खोटं बोलला, तो हात कसा रे चोख? याचा उजवा आपण खाल्ला. वाघिणीनं नाही."

धाकूचे डोळे भरून आले. त्याने तिच्या डाव्या हातावर प्रसाद ठेवला, मग हळुवारच्या. हळुवारने आपल्यातला खोबऱ्याचा तुकडा मोडून तिला दिला. "घे, बाय," म्हणाला. वर्षानंतरचा तो पहिला शब्द. मग एकेका माणसाचा उजवा हात मागे गेला. विसाजी तेवढा झाडाखाली उभा राहिला होता. सगळे आटोपल्यावर तो आला तेव्हा परात रिकामी होती. तरी त्याने डावा हात पुढे केला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

आजही वाघजबड्यापाशी बोकड कापत नाहीत, माळावर सोडून देतात. आजही विसाजी गावकराच्या घराण्यातला कर्ता पुरुष रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहतो. त्याच्यासाठी प्रसाद राखून ठेवायचा नाही, असा रिवाज आहे. कधी उरतो, कधी उरत नाही. डावा हात मात्र तो पुढे करतोच.