ठकूची खीर

समोरच्या काळ्या कातळावर वरपासून खालपर्यंत उतरलेला पांढरा ओघळ दिसतोय ना, त्याला आमच्या वाडीत ठकूची खीर म्हणतात. हात लावून बघा, हरकत नाही, चपला मात्र काढून या. मागे कॉलेजची मुलं हातोड्या घेऊन आली होती. ती म्हणाली, बाई, हा दगडाच्या भेगेत साठलेला दुसरा दगड आहे. असेल बाबा. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली, शिकलेल्या माणसांशी वाद घालायची मला सवय नाही. पण या कातळाशी माझं जुनं भांडण आहे, आणि तुम्ही आज इथे वाढदिवस करायला आलात म्हणून ते पुन्हा उफाळून आलं आहे. मुलीच्या आत्या येईपर्यंत गोष्ट सांगा म्हणालात, तर ऐका.

फार मागची गोष्ट. तेव्हा गावावर मोकाशी होता. सारा तो गोळा करायचा, न्याय तो करायचा आणि पंगतीत पहिलं पानही त्याचंच असायचं. देवीला नैवेद्य दाखवला की मोकाशाच्या पानावर वाढायचं, त्याने घास घेतला की मग बाकीच्यांनी हात धुवायचे. लग्न असो, बारसं असो, याला फाटा नव्हता. बाळाच्या उष्टावणाला म्हणे बाळाच्या आधी मोकाशी जेवायचा! बाळ रडत असायचं आणि घरचे लोक हात जोडून त्याच्या मिशांकडे बघत उभे असायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

त्याच वाडीत ठकू नावाची बाई होती. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी मुलगी जगली. पुन्हा दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव ठेवलं धोंडी. ठकू जाखाईदेवीला नवस बोलली की पोर पाच वर्षांची होऊ दे, वाडीतल्या सगळ्या लेकरांना तुझ्या कातळावर पोटभर खीर घालीन. नवस नीट ध्यानात ठेवा. लेकरांना, असं ती म्हणाली होती. मोकाशाचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

पाच वर्षं झाली. चैत्राचे दिवस होते. ठकूकडे एकच म्हैस, पण त्या सकाळी वाडीतल्या बायका एकेक तांब्या पदराखाली घेऊन आल्या आणि तिच्या हंड्यात दूध ओतून गेल्या, असं सांगतात. घरच्या तांदळाची खीर शिजली. पोरांना अंघोळी घातल्या, धोंडीला नवं परकर-पोलकं नेसवलं, आणि नवसाचं जेवण म्हणून सकाळपासून कुणाच्या तोंडात दाणा घातला नाही. बारा-पंधरा पोरं कातळावर ओळीने बसली. पत्रावळी मांडल्या. गुरवाने नैवेद्य दाखवला. आणि मग सगळे मोकाशाच्या वाड्याकडे बघत बसले.

मोकाशी आला नाही.

धोंडीचा बाप, बाबाजी त्याचं नाव, बोलवायला गेला. परत येऊन म्हणाला, पाहुणे आलेत, निघतायत. ऊन चढलं. हा कातळ चैत्रात कसा तापतो ते तुम्हाला ठाऊक नाही, आत्ता तुम्ही सतरंजी टाकून बसला आहात. पोरं एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर अशी चुळबुळत होती. धोंडीने दोनदा विचारलं, "आये, आता खाऊ?" ठकू म्हणाली, "थांब गं माझे बाय, येतीलच." मग धोंडीने विचारणं सोडून दिलं. लहान मूल मागायचं थांबलं की मोठ्यांना वाटतं, शहाणं झालं. शहाणं कसलं! थकलेलं असतं ते.

बाबाजी दुसऱ्यांदा गेला आणि खाली मान घालून परत आला. मोकाशी पाहुण्यांबरोबर जेवले होते. आता आडवे झाले होते. उठले की येणार होते.

हे ऐकूनही, म्हणे, एक माणूस उठला नाही. पुरुष म्हणाले, इतका वेळ थांबलो, आणखी थोडं थांबू. गुरव म्हणाला, मान मोडता येत नाही. तेवढ्यात रांगेच्या टोकाला बसलेल्या दोन वर्षांच्या पोराने समोरची कोरडी पत्रावळ उचलली आणि चाटायला सुरुवात केली.

ठकूने ते पाहिलं आणि पळी उचलली.

बाबाजीने तिचा हात धरला. "वाळीत टाकतील आपल्याला, ठके. इस्तू मिळायचा न्हाई, पाणी मिळायचं न्हाई."

ती म्हणाली, "मी नवस लेकरांचा बोलले व्हते. सोडा हात."

तिने मोकाशाच्या मानाची खीर एका पितळी गंजात वेगळी काढून झाकून ठेवली. तिला भांडण नको होतं, हे यावरून कळतं. मग पहिली पळी धोंडीच्या पानावर, दुसरी त्या पत्रावळ चाटणाऱ्या पोराच्या पानावर, आणि पुढे सगळ्या रांगेत. पोरं जेवली. हंडा रिकामा झाला. वाढणाऱ्या ठकूच्या पोटात मात्र सकाळपासून काही नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नाही.

उन्हं कलल्यावर मोकाशी आला, झोपेने डोळे सुजलेला. उष्ट्या पत्रावळी बघून त्याचा पारा चढला. भूक त्याला नव्हतीच, पोट भरलेलं होतं. राग होता तो पहिलं पान चुकल्याचा. बाबाजीने पायावर डोकं ठेवलं. मोकाशी म्हणाला, "तुझी चूक न्हाई. जिच्यासाठी पंगत मांडली तिची हाय. पोरीनं ह्या कातळावर नाक घासावं, मग मी इसरलो."

पाच वर्षांची पोर. वाढदिवसाचा दिवस. आणि तापलेला दगड. बाबाजी, म्हणे, खरंच पोरीला पुढे घेऊन निघाला होता. भित्रा होता, दुष्ट नव्हता, पण पोरीच्या नाकाला त्या फरकाचा काय उपयोग?

ठकू आड आली. पोरीला तिने आपल्या मागे ढकललं, झाकलेला गंज उचलला आणि कातळाच्या माथ्यावर चढली. "माझी धोंडी नाक घासायची न्हाई," ती म्हणाली. "भरल्या पोटी निजलात, आन् माझी लेकरं हितं करपत व्हती. ह्यो तुमचा मान. न्या उचलून." आणि तिने गंज उपडा केला. खीर कातळावरून ओघळत ओघळत थेट मोकाशाच्या जोड्यांपर्यंत आली.

त्याच दिवशी ठकूचं घर वाळीत पडलं. मोकाशाने कातळ धुवायला माणसं लावली, पण ओघळ जाईना. राखेने घासला, उजळला. शेवटी छिन्नी चालवली, तर जितकं खोल खणावं तितकं पांढरंच लागत गेलं, असं सांगतात. चमत्कार म्हणायचा तर तो एवढाच. मला विचाराल तर खरा चमत्कार पुढचा आहे.

आठ दिवसांनी शेजारच्या साळूच्या मुलाचा वाढदिवस आला. साळूने पोराला उचललं, कातळावर आणलं आणि मोकाशाला न बोलावता त्याला पहिला घास दिला. तिलाही वाळीत टाकलं. मग आणखी एकीने तेच केलं. वर्षभरात घरागणिक कुणा ना कुणा लेकराचा वाढदिवस येतोच. मोकाशी एकेक घर वाळीत टाकत गेला, आणि वाळीत पडलेली घरं एकमेकांना विस्तव-पाणी देत राहिली. पुढल्या चैत्रापर्यंत वाळीत तो एकटाच उरला.

आता माझं भांडण सांगते. मी या वाडीची सून. ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितली होती. तरी पुढे आमच्या अंगणवाडीत एका महिन्यातल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस एकदम करायचा कार्यक्रम ठरला तेव्हा वरून निरोप आला, साहेब आल्याशिवाय खाऊ वाटू नका. मी वाटला नाही. कागदी टोप्या घालून पोरं दोन तास बसली. एक मुलगी फुगा हातात धरून तशीच झोपली. शेवटी आमच्या मदतनीस कोंडाबाईंनी माझ्याकडे न बघता पातेलं उचललं आणि वाटायला सुरुवात केली. मी दारात उभी होते, हातात साहेबांसाठी हार घेऊन. तीस वर्षांच्या नोकरीत मला त्या हाराइतकी लाज कशाचीच वाटत नाही. म्हणून कुणी बाबाजीला नावं ठेवली की मी गप्प बसते.

आजही आमच्या वाडीत लेकराचा वाढदिवस असला की त्याला सकाळी या ओघळापाशी आणतात. ओवाळणं नंतर, पाहुणे नंतर, देवीचा नैवेद्यही नंतर. देवीची काही तक्रार आलेली नाही. पहिला घास लेकराने स्वतःच्या हाताने खायचा, आणि दुसरा आईला भरवायचा, कारण ठकू त्या दिवशी उपाशी राहिली होती. पाहुण्यांत जो सगळ्यात मानाचा असेल त्याने शेवटी बसायचं आणि हंड्याच्या तळाची खरवड खायची. भले भले इथे खरवड खाऊन गेलेत.

आणि तुम्ही! मघापासून बघते आहे मी. मुक्ता चार वर्षांची झाली म्हणून तिला झालरीचा फ्रॉक घातलात, डोक्यावर टोचणारा मुकुट बसवलात. तिने केकला बोट लावलं तर हातावर चापट मारलीत. आत्या अजून घाटात आहेत, फोटो त्यांच्यासोबत हवा आहे, हे सगळं मी ऐकलं. पण अर्ध्या तासापूर्वी ही मुलगी "आई, केक" म्हणत होती. आता म्हणत नाही. वळून बघा तिच्याकडे, कशी शहाण्यासारखी बसली आहे.

मुकुट काढा तिचा. तो केकचा डबा उघडा आणि तिच्या पुढ्यात ठेवा. सुरी नको, हाताने खाऊ दे. आत्यांसाठी खरवड ठेवू.