ओढणारी आणि ढकलणारी

"माई, गाडी ओढावी की ढकलावी?"

मठाच्या प्रमुख माई ओट्यावर कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "का रे, बंद पडली तुझी?"

ओट्यावरची माणसं खदखदून हसली. यशोधन हसला नाही. तो तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मोटारींचं शास्त्र शिकवायचा, आणि या विषयात त्याला थट्टा खपत नसे.

"तसं नव्हे, माई. मठासाठी गाडी घ्यायचीय. काही गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. ती चाकं गाडीला ओढत नेतात. काहींत मागच्या चाकांना मिळते. ती ढकलतात. माझं म्हणणं, ढकलणारीच घ्यावी. पुढच्या चाकांनी वळावं, मागच्यांनी जोर लावावा. ज्याचं काम त्यानं करावं."

"आणि सुगंधाचं म्हणणं?"

"त्यांचं... त्यांना ओढणारी हवीय. भावाकडं आहे म्हणून."

सुगंधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मठाचा बाजार, औषधपाणी, आल्यागेल्याचं जेवणखाण त्याच बघत. पदराला हात पुसत राहिल्या.

गाडीची गरज खरी होती. मठ टेकडीवर, आणि शेवटचा चढ खडा, तांबड्या मातीचा. मागच्या महिन्यात मठातले म्हातारे शिदूआप्पा न्हाणीत पडले, पाय मोडला. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. वाटेत खुर्ची कलली. आप्पा ओरडले नाहीत, पण त्यांनी खुर्चीचे हात असे काही आवळून धरले होते, की त्या दिवशी माईंना जेवण गेलं नाही.

"वाद कशाला?" माई उठल्या. "चढ आहे, गाड्या आहेत. चला."

यशोधनची स्वतःची गाडी ढकलणाऱ्यातली होती. सुगंधाताईंच्या भावाची छोटी गाडी त्या दिवशी मठातच होती, ती ओढणारी. दोन्ही गाड्या चढाच्या पायथ्याशी नेल्या. श्रावणातली झड नुकतीच थांबली होती, माती साबणासारखी झाली होती.

पहिला मान यशोधनने घेतला. गाडीत तो एकटाच. निम्म्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. त्याने जोर वाढवला, तशी गाडीची शेपूट डावीकडं सरकली आणि चिखलाचा फवारा थेट तुळशीच्या कट्ट्यावर गेला.

गाडी मागं घेत तो पायथ्याशी येऊन उतरला. कानाच्या पाळ्या लाल.

"मागं वजन नाही ना, माई. इंजिनाचं सगळं वजन पुढं. मागची चाकं हलकी पडतात."

"मग वजन देऊ की!"

माई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड काकू बसल्या. डिकीत गव्हाचं पोतं टाकलं. यशोधनने गियर टाकला... आणि गाडी चढ अशी चढली, जशी काही डांबरी सडकच आहे.

वर पोचल्यावर त्याने काच खाली करून नुसतं पाहिलं. बोलायची गरजच वाटली नाही.

आता सुगंधाताई. त्या एकट्या बसल्या, आणि त्यांची छोटी गाडी कुरकुर न करता वर आली.

"इंजिन पुढं, ओढणारी चाकंही पुढं," यशोधन म्हणाला. "रिकामी आहे तोवर येणारच. आता तेच वजन घ्या म्हणावं."

गाडी पुन्हा पायथ्याशी नेली. माई, दोन्ही काकू, गव्हाचं पोतं, सगळं तिच्यात गेलं. गाडीची मागची बाजू खाली बसली. चढाला लागताच पुढची चाकं हलकी झाली आणि सर्रर्र करत फिरू लागली. गाडी हलेना. सुगंधाताईंनी पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला गाडी थोडी मागंच घसरली, एका काकूंनी देवाचं नाव घेतलं.

यशोधन वरून बघत होता. त्याच्या मनात गुदगुल्या होत होत्या. सिद्ध झालं होतं. फळ्यावर लिहून दाखवावं इतकं स्वच्छ सिद्ध झालं होतं.

सुगंधाताईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

मागच्या सीटवरून, समोरच्या काचेतून माईंनी यशोधनकडं पाहिलं. नुसतंच. बराच वेळ...

काय पाहत असाव्यात? त्याने नजर वळवली. परत वळवून पाहिलं, तर माई तशाच.

मग तो चिखलातून धावत खाली गेला. त्याची एक चप्पल रुतून तिथंच राहिली.

"सुगंधाताई, गाडी फिरवा! तोंड खाली करा आणि रिव्हर्समध्ये वर या. उलटी आली की वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. मी मागं बघतो, घाबरू नका. सावकाश... अजून... डावीकडं थोडी..."

गाडी उलटी चढू लागली. वर, मठाच्या देवळाकडं पाठ करून. ओट्यावरची माणसं टाळ्या पिटायला लागली. त्या मघाच्या काकू काचेतून हात हलवत होत्या, वरातीत बसल्यासारख्या.

वर येऊन गाडी थांबली. माई उतरल्या.

"हे तुला आत्ता सुचलं?"

"नाही, माई. दरवर्षी शिकवतो." तो एका पायात चप्पल घालून उभा होता. "ताईंचं चाक पहिल्यांदा जागीच फिरलं, तेव्हाच आठवलं होतं."

"मग?"

"जिंकत होतो ना..."

माई हसल्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. त्या हसल्या म्हणून सगळे हसले, आणि शेवटी यशोधनही.

"आता खरं सांग. कोणती घ्यायची?"

तो बोलायला गेला आणि थांबला. मग पहिल्यांदाच माईंशी न बोलता, सुगंधाताईंच्या समोर जाऊन बोलला.

"ताई, तुम्हाला रोज काय न्यायचं असतं?"

"दूध. भाजी. आठवड्याला औषधं. आणि आता आप्पांना, पट्टी बदलायला."

"वर येताना जड ओझं?"

"धान्य ट्रॅक्टरनं येतं. ते काय रोजचं नाही."

यशोधनने मान हलवली. "माझी गाडी ओझ्याला चांगली. पण पावसात वळणावर जोर जास्त दिला, तर शेपूट फिरते. ते सांभाळायला सवय लागते. या गाडीचं तसं नाही. घसरलीच तर सरळ पुढं जाते. पाय हलकेच उचलला की बहुतेक वेळा ताळ्यावर येते."

"आणि सर, हिच्यात खाली मध्ये तो उंचवटा नाही," सुगंधाताई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत आहे. आप्पांना मागं आडवं बसवून पाय मोकळा ठेवता येईल."

"मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा जातो तिथून, म्हणून..." तो सांगायला लागला आणि स्वतःच गप्प झाला. आप्पांचा पाय त्याच्या हिशेबात कुठंच नव्हता.

"हीच घ्या," तो म्हणाला. "रोज चालवणाऱ्याला हीच बरी. फार ओझं असेल त्या दिवशी माझी बोलवा."

"झालं तर मग," माई म्हणाल्या. "चल सुगंधा, बाजारात जाऊन येऊ. हाही येईल."

यशोधन सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेला, तिथं सुगंधाताई बसल्या होत्या. पुढच्या सीटवर पिशव्या ठेवल्या होत्या. तो मागं माईंच्या शेजारी बसला.

गाडी उताराला लागली. सुगंधाताईंनी पहिला गियर ठेवला होता, घाई नव्हती. खाली भाताची खाचरं हिरवीगार दिसत होती.

"छान चालवतात ताई," यशोधन म्हणाला.

"हं."

"मला अगदी निर्धास्त वाटतंय."

माईंनी खाली पाहिलं. यशोधनचा उजवा पाय गाडीच्या तळाशी असा काही दाबलेला होता, की बोटं पांढरी पडली होती.

त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला.

"पाय उचल, बाळा. इथं ब्रेक नसतो."