कड्यानं राखून ठेवलेली हाक

आभाळाला डोकं लावून उभ्या असलेल्या एका कड्याखाली एक गाव होतं, आणि त्या गावात एक मध काढणारा राहत होता. कड्याच्या पोटात आग्या माश्यांची पोळी लोंबायची. कमरेला दोर बांधून तो त्यांच्यापर्यंत उतरायचा. वरच्या झाडाला वेढा देऊन तो दोर आपल्याच रक्ताच्या माणसानं धरायचा, अशी गावची रीत होती. परक्याच्या हाती जीव कोण देईल?

त्याची बायको लेक रांगती असतानाच वारली. तेव्हा दोर भाऊ धरायचा, आणि लेकीला हा पायथ्याच्या झाडाला बांधून जायचा. काय करणार बिचारा! पुढे भाऊ थकला, लेक वयात आली आणि दोर तिच्या हाती आला.

पण पोरगी भलतीच निघाली. उलट बोलायची, मडकी फोडायची. बाप अधांतरी लोंबकळत असला की दोराला गाठ मारून चक्क दिसेनाशी व्हायची. बापानं रागावून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा तो असाच मध्यावर असताना धुराची चूड विझत आली. चूड विझली की माश्या अंगावर येणार! त्यानं दोराला हिसका दिला. वर गाठ मारलेली होती.

"वर येऊ दे, हाडं मोडतो तुझी!" तो ओरडला.

कडा घुमला. पण परत आले ते हे शब्द नव्हतेच. आवाज त्याचाच होता, तरुणपणचा. "गप बस! रडलीस तर इथंच टाकून जाईन!" आणि त्यामागून एक इवलं रडं आलं. "बा, सोड ना. बा, ये ना..."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. कडा ऐकलेलं विसरत नाही, असं म्हातारी माणसं सांगत, तेव्हा तो हसायचा. आज तो दगड त्याच्याशी बोलत होता. रडं थांबेचना. हे रडं त्यानं तेव्हा कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. आज तोही दोरानं बांधलेला होता, जायला जागा नव्हती.

रडं विरल्यावर तो हळूच म्हणाला, "पोरी, तेव्हा लई भ्यायली होतीस का गं?"

वरून, अगदी काठावरून आवाज आला, "लई."

"म्हंजे तू इथंच हाईस?"

"रोज इथंच असते, झाडामागं. असं का करते, मलाच कळत नाही, बा. पण सोडून जाववत नाही."

"चुकलं माझं, पोरी."

चुडीतला शेवटचा धूर विरायच्या आत गाठ सुटली. लेकीनं दोर ओढून घेतला आणि बाप वर आला.

पोरगी एका दिवसात शहाणी झाली, असं मुळीच नाही. पुढेही कधीमधी गाठ पडायची. तेव्हा तो ओरडायचा नाही, फक्त विचारायचा, "हाईस ना?" जरा वेळानं वरून यायचं, "हाय."

म्हणतात, पुढे कितीतरी वर्षांनी त्या लेकीचं लेकरू कड्याखाली खेळत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी त्याला दोन आवाज ऐकू आले. "हाईस ना?" "हाय." लेकरू जराही भ्यायलं नाही.

तात्पर्य: लहानपणी ज्या रडण्याला कोणी ओ देत नाही, तेच वयात आल्यावर बंड होऊन हाक मारतं. उशिरा का होईना, ओ द्यावी.