कमानीचे दोन माड

फिलिपिन्समधल्या एका बेटावर, खाडीच्या फाट्यापलीकडच्या एका लहान गावात अन्सेल्मो नावाचा एक माडी काढणारा राहत असे. ती बातमी आली त्या सकाळी तो रोजच्यासारखा माडावर होता. कमरेला कोयती, पाठीला बांबूचं नळकांडं. पोयीला, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला, छेद देऊन त्याने खाली पाहिलं, तर शेजारची पासिंग बुंध्याशी उभी. तिच्या हातात फोन होता.

"मानोंग, खाली या," ती म्हणाली. आपण दादा म्हणतो, तसं त्या बेटावर थोरल्या माणसाला मानोंग म्हणतात.

"लिगायाचं खोकं आलं का?" त्याने वरूनच विचारलं.

परदेशी कामाला गेलेल्या मुली तिथे एक मोठं खोकं घेतात आणि महिनोन् महिने ते थोडं थोडं भरत राहतात. साबण, टॉवेल, बूट, डबाबंद मांस. भरलं की बोटीने घरी पाठवतात. अन्सेल्मो त्या खोक्याची वाट पाहत होता.

"आधी खाली या," पासिंग म्हणाली.

तो उतरला. तिने सांगितलं. त्याची मुलगी लिगाया वारली होती. वाळवंटातल्या एका शहरात, एका मोठ्या घरातल्या म्हातारीची शुश्रूषा करता करता. ताप अंगावर काढला होता. मालकीण म्हणाली होती, घरी पाहुणे आहेत, ते गेले की झोप.

अन्सेल्मोने पाठीवरचं नळकांडं सोडलं. सांडू नये म्हणून झाडाला नीट टेकवून ठेवलं. मग तो खाली बसला.

लिगाया नर्स होती. बापाने माडी विकून तिला शिकवलं होतं. गावात दवाखाना नव्हता. तो खाडीपलीकडे, रस्त्याच्या बाजूला, आणि खाडीवर बांबूचा साकव. दर पावसाळ्यात वादळ तो साकव घेऊन जाई. अशाच एका वादळानंतर लिगायाची आई या काठावर होडीची वाट पाहता पाहता वारली. लिगाया तेव्हा तिच्या उशाशी होती. काय झालंय ते तिला कळत होतं, आणि औषध समोरच्या काठावर होतं.

"तातय," ती बापाला म्हणाली, "मी काही वर्षं बाहेर कमावते. मग इथेच दवाखाना काढते. तुम्ही तेवढा पक्का पूल करून घ्या. पूल नसला तर मी नर्स असून काय उपयोग?"

अन्सेल्मोने आपले सगळ्यात उंच दोन माड पुलाच्या तुळयांसाठी तोडून दिले. ते ओंडके खाडीपलीकडे, रस्त्याच्या टोकाशी नेऊन ठेवले गेले. लिगाया विमानात बसली.

त्या गावात एक जुनी रीत होती. कुणाला घर हलवायचं असलं की सगळा गाव जमे, बांबूच्या घराखाली वासे घाली, आणि अख्खं घर खांद्यावर उचलून नव्या जागी नेऊन ठेवी. घरवाल्याने जेवण घालायचं, एवढंच. साकवही असाच उभा राहायचा. वादळ गेलं की प्रत्येक घरातून एक खांदा यायचा.

लिगायाचे पैसे येऊ लागले. ते चांगलेच आले. बापाच्या डोक्यावर पत्रे आले, ताटात रोज भात आला. मग गावातली दुसरी मुलगी परदेशी गेली, तिसरी गेली. सिमेंटची घरं उभी राहिली, आणि सिमेंटचं घर काही खांद्यावर उचलता येत नाही. पुढच्या वर्षी साकवाच्या कामाला बोलावणं आलं, तेव्हा अन्सेल्मोने आपल्या ऐवजी पैसे पाठवले. त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. उलट आपण उदार झालो असं वाटलं. त्याचं बघून बाकीच्या सिमेंटच्या घरांनीही पैसे पाठवले. उरले इस्कोसारखे, ज्यांच्या घरातून कुणी बाहेर गेलं नव्हतं. तांदळाचा दुकानदार आता परदेशी पैशाच्या हिशेबाने भाव सांगे, आणि तो भाव इस्कोलाही द्यावा लागे. इस्को एक-दोन वर्षं आला. मग म्हणाला, "माझा खांदा म्हणजे काय भाड्याची म्हैस आहे?" आणि येईनासा झाला. साकव वाहून गेला तो गेलाच.

गावचा कापितान होता रुफिनो. कापितान म्हणजे तिथला सरपंच. लोक त्याला काप म्हणत. पुलाचं विचारायला कुणी गेलं की तो हसून म्हणे, "अरे, माझ्या मेव्हण्याची होडी आहे की. तुमच्या मुली पाठवतात, तुम्हाला भाडं जड आहे का?" ज्यांच्या मुली पाठवत होत्या ते गप्प बसत. ज्यांना भाडं जड होतं त्यांना तो ओट्यावर चढू देत नसे. तालुक्याला तो अभिमानाने सांगे की आमच्या गावाला कशाचीच गरज नाही. त्याचं म्हणणं तालुक्याला फार आवडे.

मग रुफिनोने त्या दोन माडांची कमान केली. रस्त्याच्या टोकाला ओंडके उभे पुरले, वर फळी दोरांनी आवळली आणि फळीवर रंगवून घेतलं: आमच्या वीरकन्या. खाली परदेशी गेलेल्या मुलींची नावं. सगळ्यात वर लिगायाचं.

अन्सेल्मोने ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. पुलाचं विचारायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

लिगाया फोनवर दर वेळी विचारी, "तातय, पूल झाला का?"

"होतोय," तो म्हणे.

एकदा म्हणाला, "पण तुझं नाव कमानीवर सगळ्यात वर आहे हं."

"कमानीवरून चालता येतं का, तातय?" ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. तिने अजून एक वर्षाचा करार केला. मग अजून एक.

शवपेटी आली तेव्हा ओहोटी होती. बंदरावरून गाडी कमानीपर्यंत आली आणि थांबली. पुढे कमरेइतका चिखल. मेव्हण्याची होडी त्यात रुतून बसली होती. रुफिनो हार घेऊन हजर होता. सोबत फोटोवाला.

"मानोंग, भरती संध्याकाळी आहे," रुफिनो म्हणाला. "तोवर पेटी इथे कमानीखालीच ठेवू. दोन शब्द मी बोलतो. तिच्या नावाखाली ती शोभेलही."

अन्सेल्मोने त्याच्याकडे पाहिलं. "शोभेल?"

"म्हणजे, मान आहे तो. वीरकन्या कधी मरत नाहीत, मानोंग."

"माझी मेली आहे," अन्सेल्मो म्हणाला.

त्याने चपला काढल्या. कोयती कमरेला खोचली आणि कमानीच्या खांबावर चढला, आयुष्यभर चढला होता तसा. वर जाऊन त्याने दोर कापले. फळी खाली आपटली. फोटोवाला बाजूला झाला.

"मानोंग, ही गावाची मालमत्ता आहे," रुफिनो खालून ओरडला.

"माड माझे आहेत. पुलासाठी दिले होते."

समोर, गावाच्या काठावर, इस्को आणि आणखी काही जण उभे होते. लिगायाची कबर खणून ते तसेच आले होते, हातात फावडी आणि पहारी घेऊन. काय चाललंय ते त्यांना दिसलं. चिखल तुडवत ते अलीकडे आले.

इस्को म्हणाला, "आज खांद्याचा काय भाव आहे, मानोंग?"

अन्सेल्मो खांबावरून उतरला होता. त्याने मान खाली घातली.

इस्को मग बाकीच्यांकडे वळला. "बघताय काय? खणा."

त्यांनी बुंध्याशी खणून दोन्ही खांब आडवे पाडले आणि चिखलावरून समोरच्या काठापर्यंत शेजारी शेजारी टाकले. मग पेटी खांद्यावर घेतली. आपल्या बापाच्या माडांवरून लिगाया घरी आली. रुफिनोचा हार त्याच्या हातातच राहिला.

सिमेंटच्या घरात तिच्यासाठी एक खोली होती. पलंगावरच्या चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती. ती आली की मोडू, असं अन्सेल्मो म्हणत असे. पेटी त्या खोलीच्या दारातून आत जाईना. ती ओसरीवर ठेवावी लागली.

खोकं नंतर आलं. बोटीला वेळ लागतो. त्यात साबण होता, बापासाठी बूट होते. तळाशी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, पट्ट्या होत्या, थर्मामीटर होता, आणि दवाखान्याच्या दाराला लावायचा पांढरा पडदा, कडा शिवून तयार.

खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अन्सेल्मो पुलासाठी दारोदार खांदे मागत फिरला. इस्को आला. त्याच्यासारखे आणखी काही आले. पण बहुतेक सिमेंटच्या घरांत म्हातारी माणसं आणि रांगती मुलं होती. खांदे दूरच्या शहरांत दुसऱ्यांच्या आयांना उचलून अंघोळ घालत होते. दोन ओंडक्यांवरून गाव पावसाळ्यापर्यंत ये-जा करत राहिला. मग वादळ आलं आणि ते वाहून गेले.

रुफिनोने नवी कमान केली. या वेळी लोखंडाची, चढता येणार नाही अशी. लिगायाचं नाव सगळ्यात वर आहे. तिच्याखाली पासिंगच्या मुलीचं नाव आलं आहे; तीही आता परदेशी गेली.

तात्पर्य: बाहेर गेलेल्या लेकरांच्या पैशावर एकेक घर उभं राहतं, पण तो पैसा दाखवून जो गावाचं काम टाळतो, तो त्या लेकरांची परतीची वाट चोरतो, आणि स्वतःचं घर भरलं म्हणून जो गप्प बसतो, तो त्याला ती चोरू देतो. त्या खाडीवर पूल अजून झालेला नाही.