फळ्यावर उरलेला ‘दे’

फळे लाकडी होते आणि त्यांवरचे शब्द बोलत असत, तेव्हाची गोष्ट. वसतिगृहाच्या फळ्यावर इंग्रजीचं एकच वाक्य उरलं होतं: ‘दे विल कम’, म्हणजे ते येतील. ‘दे’ ज्यांच्याऐवजी उभा होता, ती दोन्ही नावं डस्टरनं पुसली होती. तो त्यांची वाट बघत होता.

शेजारी सुटा उरलेला ‘हॉर्स’ हा शब्द म्हणाला, “झुरतोस कशाला? माझ्याऐवजी उभा राहा की!”

“तू एकटा रे. मला माझी माणसं हवीत.”

आईबाप ऊसतोडीला गेलेली शेवंता फळ्यापाशी आली. तिनं वाक्य वाचलं. खडू उचलून त्याआधी लिहिलं: आई, बाबा.

“दोघंही?” ‘दे’नं हळूच विचारलं.

“दोघंही,” शेवंता म्हणाली. “ऊस संपला की.”