भेगेवरचं यंत्र

"मग काय, कमी ऐकू मी?" शाल्मलीनं विचारलं. आवाज जरा चढलाच.

"फार ऐकतेस," एवढंच म्हणून स्वामी पुन्हा शेंगा सोलू लागले होते.

मठाखालच्या उतारावर तिनं यंत्रं पुरली होती. बरीचशी पाऊस आणि मातीची ओल मोजणारी. एकच डोंगराच्या भेगेवर. भेग हलली तर सांगणारं. दरड यायच्या आधी खालच्या वाडीला कळावं, एवढ्यासाठी सगळं.

"सगळी यंत्रं क्षणाक्षणाला मला कळवतात, स्वामी. एक थेंब सुटत नाही. असं अजून कुणी केलेलं नाही."

"मग?"

"बॅटऱ्या… निम्म्या आत्ताच उतरल्या. आणि पावसाळा तर अर्धा बाकी आहे."

ओसरीवर दामू आणि भिकाजी हे दोन शिष्य तांदूळ निवडत होते.

तेवढ्यात दारात तुंगाक्का उभ्या राहिल्या. मठातल्या सगळ्यांत अबोल बाई.

"गोठ्याची भिंत हलली."

स्वामी उठलेसुद्धा.

"दामू, पाणी?"

"सकाळपासून गोठ्यामागनं झिरपतंय."

"भिकाजी, माती?"

"पाय रुततोय तिथं."

"गुरं सोडा."

शेवटचं वासरू बाहेर आलं आणि भिंत धप्पकन बसली. शाल्मली किंचाळलीच.

मग दामूवर उखडली. "सकाळपासून माहीत होतं? आणि सांगितलं नाहीत?"

"रोजच झिरपतं की, ताई! रोज सांगत बसलो तर स्वामी मलाच गोठ्यात बांधतील."

स्वामी हसले. शाल्मली मात्र पडलेल्या भिंतीकडे बघत राहिली…

"म्हणजे… तुंगाक्कांसारखं आधी भेगेवरच्यानं बोलायचं. आणि बाकीच्यांना गप्प करू?"

"गप्प कशाला? लक्षात ठेवू देत. विचारलंस की सांगतील."

इतकं सोपं! तिनं हात जोडले. पण जोडलेले हात तसेच राहिले.

"स्वामी… भेगेवरचंच बंद पडलं तर? ते गप्प आहे म्हणून मी निर्धास्त… आणि खाली अख्खी वाडी झोपलेली."

स्वामींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

"तुंगाक्कांना मी रोज सकाळी एक हाक मारतो," ते म्हणाले. "काम काही नसतं. त्यांची ओ आली की झालं."